काळी चार आणि पांढरी सहाच्या मध्ये

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांना नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. अकरा वर्षांपूर्वी भोरमधल्या एका कार्यक्रमानंतर पालीच्या चिमाबाईंना मी म्हणालो की तुमचा सूर चुकतो. तो चुकत नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘तानपुरे लावताना आलेले गमतीदार अनुभव’ लिहायला सांगितले होते. गमतीही आहेत. पण लिहायला बसलं की पेन दर वेळी पालीलाच जातं. तर आधी थोडं कामाबद्दल सांगतो, मग तिकडेच जाऊ.

मी एका विद्यापीठाच्या संगीत विभागात वाद्यसहायक आहे. सव्वीस वर्षं झाली. गाव भोर. वडील भजनात पखवाज वाजवायचे. माझा हात तालात कधी बसला नाही, पण कान बरा निघाला. विभागात बारा तानपुरे, सात पेट्या, तबल्याच्या जोड्या. हे सगळं पुसायचं, तारा बदलायच्या, कार्यक्रमाला न्यायचं, लावायचं आणि धड परत आणायचं. फलकावर ‘आगामी मैफली’ असा कागद लागतो तोही मीच लावतो. त्यावर गाणाऱ्यांची नावं असतात, साथीदारांची असतात, प्रमुख पाहुण्यांचं तर ठळक असतं. तानपुरा लावणाऱ्याचं नसतं. तक्रार नाही. भिंत चांगली उभी राहिली तर ओळंबा कुणाचा होता हे कोण विचारतं!

तानपुऱ्याला तारा चारच. त्यावर गाणं वाजत नाही, गाण्याला बसायला जागा तयार होते. खुंट्या पिळून तार जवळपास आणायची, खालचे मणी सरकवून ती नेमकी करायची, घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सारत सारत तिला बोलती करायची. दोन तानपुरे खरोखर जुळले की कुणीही न छेडलेला एक स्वर आपोआप ऐकू येऊ लागतो. तो आला की मी उठतो. माझ्या पगाराच्या नोकरीत एवढाच एक चमत्कार, आणि तो मी काही हजार वेळा केला असेल.

आमचा विभाग दरवर्षी हिवाळ्यात भोर-वेल्ह्याकडे तीन-चार कार्यक्रम करतो. मी तिकडचा, म्हणून जागा बघणं, माणसं गाठणं हे माझ्याकडेच. सारोळ्याला एकदा देवळात कार्यक्रम होता. एक म्हातारबाबा पहिल्या रांगेत बसून तासभर माझ्या हाताकडेच बघत होते. मध्यंतरात जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पाव्हणं, मगापासून तेच वाजवताय. दुसरं येत न्हाई व्हय?” मी म्हणालो, “नाही बाबा, एवढंच शिकलोय.” तर पाठीवर हात ठेवून म्हणाले, “शिकाल, शिकाल. वय हाय अजून.”

कापूरहोळची गोष्ट तर विभागात अजून सांगतात. टेम्पो फाट्यावर आला आणि गतिरोधकावर असा उडाला की एका तानपुऱ्याचा भोपळा तडकला. कार्यक्रम दोन तासांवर. समोर पंक्चरचं दुकान होतं. दुकानदाराने भोपळा मांडीवर घेतला, बोटाने तड चाचपली, म्हणाला, “किती हवा मारायची ह्यात?” मग हसला, कडा घासल्या, सोल्युशन लावलं आणि ट्यूबचा गोल तुकडा बसवला. त्या संध्याकाळी तो तानपुरा वाजला. अजून वाजतो. पण भोपळ्यावरच्या त्या काळ्या टिकलीमुळे त्याला पाहुण्यांसमोर मंचावर बसवत नाहीत. विभागात त्याला ‘कापूरहोळकर’ म्हणतात. तो पुढे येणार आहे.

आता पाली.

राजगडाच्या पायथ्याचं गाव. भातलावणीच्या दिवसांत दोन विद्यार्थिनींना घेऊन तिथे भलरी ध्वनिमुद्रित करायला गेलो होतो. भलरी म्हणजे शेतात कामाच्या लयीवर म्हणायचं गाणं. एकीने ओढायचं, बाकीच्यांनी उचलायचं. ओढणाऱ्या चिमाबाई होत्या. तेव्हा पंचावन्नच्या असतील. खाचरात नडगीभर पाणी, चौदा बायका एका रांगेत वाकलेल्या, आणि ओळ संपली की चौदा हात एकदम चिखलात जायचे. ओळ लांबली तर हात थांबायचे. कुणी मागे पडली की चिमाबाई गाण्यातच तिचं नाव घालायच्या, आणि सगळी रांग हसत तिला ओढून घ्यायची. त्यांच्या आवाजात गोडवा फार नव्हता. पण तो जिथे लागायचा तिथून हलत नव्हता. सकाळी, दुपारी जेवणानंतर, कलत्या उन्हात, तिन्ही वेळा त्यांनी पहिला सूर तोच घेतला. हाताशी ना पेटी ना काही.

पेटीवर तो सूर सापडत नाही, हे मला तिथेच कळलं होतं. काळी चारच्या वर आणि पांढरी सहाच्या खाली, दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये. पेटी बनवणाऱ्याने तिथे जागाच ठेवलेली नाही. तानपुऱ्याला ती अडचण नसते. तार कुठेही थांबते.

त्या हिवाळ्यात भोरला कार्यक्रम ठरला. आधी भलरी, मग आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुख बाईंचं गायन. चिमाबाई पाच जणींना घेऊन टेम्पोतून आल्या. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, एकीने तर मंचावर पाय पुसून पाऊल ठेवलं. सकाळी तालीम झाली. पेटीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, ही बाई कुठल्याच पट्टीत नाहीये.”

मी म्हणालो, “आहे. तुमच्या पट्टीत नाहीये.”

“मग काय करायचं?”

काय करायचं ते मला ठाऊक होतं. पेटी बाजूला ठेवायची. दोन्ही तानपुरे चिमाबाईंच्या सुराला लावायचे आणि त्यांचं झाल्यावर बाईंसाठी पुन्हा काळी चारला उतरवायचे. चांगली वीस मिनिटं लागली असती, तीही भरल्या सभागृहासमोर. आणि आदल्याच आठवड्यात दुसऱ्या गावी तानपुरे लावायला वेळ झाला म्हणून बाईंनी मला विद्यार्थ्यांसमोर झापलं होतं. “लोक तुमचे मणी बघायला येत नाहीत,” म्हणाल्या होत्या. ते मनात सलत होतं. म्हणून मी पेटीवाल्याला म्हणालो, “काळी चारच दे. धरतील त्या.” आणि चिमाबाईंना जाऊन सांगितलं, “मावशी, पेटी जो सूर देईल तोच धरायचा बरं का.”

“धरती की,” त्या म्हणाल्या. “तुमी सांगाल तसं.”

कार्यक्रमात पहिल्या तीन ओळी त्यांनी तो धरला. चौथ्या ओळीला डोळे मिटले आणि आवाज आपल्या जागी गेला. मागच्या पाच जणी त्यांच्याबरोबर गेल्या. त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. पेटी खालीच राहिली, आणि दोन सूर एकमेकांना घासायला लागले. पेटीवाल्याने भाता जोरात मारला. पुढच्या रांगेतल्या विद्यार्थिनींनी एकमेकींकडे पाहिलं. चिमाबाईंनी ते पाहणं पाहिलं. त्या थांबल्या, पेटीचा सूर ऐकून खाली आल्या, दोन ओळींत पुन्हा वर गेल्या. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा त्यांनी ओळ अर्ध्यात सोडली आणि हात जोडले. टाळ्या पडल्या. घरचं लहान मूल कविता विसरल्यावर वाजवतात तशा.

मी मागे बसून तानपुरा छेडत होतो. काळी चारला बिनचूक लागलेला.

नंतर मागच्या व्हरांड्यात चहा होता. चिमाबाई कप हातात धरून माझ्याकडे आल्या. चहावर साय धरली होती, प्यायल्या नव्हत्या. बाई आमच्यापासून दोन हातांवर कुणाशी तरी बोलत उभ्या होत्या.

“मास्तर,” चिमाबाई म्हणाल्या, “तुमी जाणतं मानूस. आन् आपल्या भोरचं. खरं सांगा. माजा सूर चुकतो का?”

मला आयुष्यात कुणी मास्तर म्हटलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी सुराचं काम करतो आहे, पण सुराबद्दल मत मला विचारलं ते एका चिमाबाईंनीच. मी बाईंच्या पाठीकडे पाहिलं. ‘तुमचा सूर बरोबर आहे’ असं म्हटलं असतं तर चूक कुणाची हा प्रश्न आलाच असता, आणि तो विचारणारं माणूस दोन हातांवरच उभं होतं.

मी म्हणालो, “व्हय मावशी. जरा सरकतो.”

त्यांनी मान हलवली. सांगितलेलं माप नीट लक्षात ठेवावं तशी, दोनदा.

“बरं झालं सांगितलंत,” म्हणाल्या. “आमच्यात कोन सांगनार?”

आठवड्याने लोककलाकारांच्या वहीत शेरा लिहायची वेळ आली. बाईंनी विचारलं, “काय झालं हो त्या दिवशी?” मी म्हणालो, “सूर कच्चा आहे त्यांचा.” “मग तसं लिहा.” मी लिहिलं. ‘सूर कच्चा. कार्यक्रमास घेऊ नये.’ माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून ते काम माझ्याकडे असायचं.

बाई निवृत्त झाल्या. मध्ये बरीच वर्षं गेली. यंदा विभागाला नवे प्रमुख आले, तरुण आहेत. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकत बसतात. एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. संगणकावर पालीचं खाचर वाजत होतं. सरांनी यंत्रातला तानपुरा हळूहळू वर सरकवत नेला आणि एका ठिकाणी थांबवला. चिमाबाईंचा आवाज त्यावर असा बसला, जसं झाकण डब्यावर बसतं.

“काका, ऐका हे,” सर म्हणाले. “तीन वेगवेगळ्या वेळा, आणि केसभर फरक नाही! ह्या बाईंना आपण पुन्हा कधी बोलावलं का नाही? आणि वहीत हा शेरा कुठल्या गाढवाने मारलाय?”

मी म्हणालो, “जुनी वही आहे, सर.”

त्यांनी माझ्या अक्षराकडे पाहिलं नाही. उत्साहात होते. त्याच आठवड्यात ‘आगामी मैफली’चा कागद छापून आला. तिसरी मैफल, भोर. भलरी, चिमाबाई आणि सहकारी, पाली. पेटी नाही, फक्त तानपुरे. होकार घ्यायच्या आधीच नाव छापलं होतं. “तुमचाच भाग आहे काका, तुम्हीच घेऊन या त्यांना,” सर म्हणाले. कागद मी माझ्या हाताने फलकावर लावला आणि पाचव्या टाचणीला बोट टोचून घेतलं.

जाताना कापूरहोळकरला सोबत घेतलं. मनात ठरवलं होतं, त्यांच्या दारात तानपुरा त्यांच्या सुराला लावायचा, आधी तो ऐकवायचा, मग सगळं सांगायचं. वेल्ह्याच्या एसटीत कंडक्टरने तानपुऱ्याच्या गवसणीकडे बोट दाखवलं. “ह्याचं काय, फुल्ल का हाफ?” शेजारची आजी म्हणाली, “आरं, मांडीवर घेतलंय लेकरू, कसलं तिकीट मागतूस!” सगळी गाडी हसली. मीही हसलो. मार्गासनीपर्यंत पाठ केलेलं वाक्य त्या हसण्यात विसरलो. पुन्हा जुळवायला घेतलं.

पालीत चिमाबाईंची सून सुरेखा गडावर जाणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालते. मला बघून म्हणाली, “वर जायचंय का? जेवण सांगून जावा, म्हंजी उतरंस्तवर तयार ठिवते.” मग गवसणीकडे बघून, “ह्ये घेऊन चढनार?” मी कोण ते सांगितलं. “आत्याबाई मागं हायेत,” म्हणाली. मग हळूच, “गान्याचं इचारू नका. लई वर्सं झाली त्यास्नी. भोरासनं आल्या त्या आल्याच. पुढच्या लावनीला बाया म्हनल्या, मावशी वढा. तर म्हनल्या, न्हाई, माजा सूर चुकतो, जानत्या मानसानं सांगितलंय.”

“मग कोण ओढतं आता?”

“कोन न्हाई. मोबाईल लावून ठिवत्यात बांधावर. लावनी हुती, पर रांग कुठं ऱ्हाती? जो तो आपापला फुडं-मागं.”

चिमाबाई मागच्या अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. बारीक झाल्या होत्या. मला लगेच ओळखलं. “आवं मास्तर! या, बसा. सुरेखा, च्या ठिव गं.”

मी बसलो. बोलायच्या आधी तानपुरा काढला. हाताला काम असलं की मला धीर येतो. त्या सुराला लावायला मला ध्वनिमुद्रण लागलं नाही. अकरा वर्षं तो कानात आहे. काळी चारच्या वर, अजून थोडा, थांब. मणी शेवटचा सरकवला आणि छेडत राहिलो. चिमाबाई खाली मान घालून पाखडत होत्या. दोन-तीन आवर्तनं झाली असतील. सूप थांबलं. आणि मिटल्या तोंडाने, कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, त्यांच्यातून तो सूर आला. बरोब्बर. तानपुऱ्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

दारात सुरेखा चहा घेऊन उभी होती. ती हलली नाही.

मग चिमाबाईंनी स्वतःच तोंडावर पदर घेतला. “नगं,” म्हणाल्या. “चुकंल.”

हीच ती वेळ होती. मी तोंड उघडलं. म्हणालो, “मावशी, त्या दिवशी भोरला—”

“व्हय, त्येच म्हनती म्या,” त्या म्हणाल्या. “तुमचं उपकार हायेत बगा. सगळी नुसतं चांगलं चांगलं म्हनायची. तुमी तेवडं खरं बोल्लात. न्हाईतर जल्मभर लोकांम्होरं चुकीचं गात बसली असती. हसं झालं असतं माजं. म्या ह्या सुनंला बी सांगती, मानूस असावं तर असं. तोंडावर खरं सांगनारं.”

सुरेखाने माझ्यापुढे कप ठेवला.

मी चहा प्यालो. संपूर्ण. खाली साखर होती ती सुद्धा. मग मी कार्यक्रमाचं विचारलं, त्या नाही म्हणाल्या, मी एकदाही आग्रह केला नाही. आग्रह कुठल्या तोंडाने करणार होतो? निघताना त्यांनी पिशवीत आंबेमोहोर बांधून दिला. म्हणाल्या, “वैनींस्नी सांगा पालीचा हाय.” घरी आम्ही तो खाल्ला. वास सगळ्या जिन्यात गेला. बायको म्हणाली, “किती मायेची माणसं हो तुमच्याकडची.” मी उठून हात धुतले.

सरांना सांगितलं, प्रकृती बरी नसते, नाही म्हणतात. हे आणखी एक खोटं. सर हळहळले. फलकावरच्या कागदावर त्यांच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवायला सांगितली, तीही मीच चिकटवली. पट्टी पातळ आहे. दुपारी खिडकीतून ऊन आलं की खालचं नाव वाचता येतं.

कापूरहोळकर तेव्हापासून मी त्याच सुरात ठेवला आहे. तारा रोज उतरतात, रोज सकाळी मी त्या परत तिथे आणतो. परवा एक विद्यार्थिनी म्हणाली, “काका, हा तानपुरा कुठल्याच पट्टीत नाहीये.” मी म्हणालो, “असू दे.” ती म्हणाली, “लावून देऊ?” चांगली मुलगी आहे. मी म्हणालो, “लागलेलाच आहे गं तो.”

कुणी म्हणेल, आता लिहिलंस ना, झालं. झालं नाही. चिमाबाईंना वाचता येत नाही, हे मला माहीत आहे, आणि हे लिहायचं धाडस मला त्यामुळेच झालं, हेही लिहून टाकतो. सर वाचतील. वहीतलं अक्षर कुणाचं ते त्यांना कळेल. त्याची भीती आता वाटत नाही. पालीच्या अंगणाची वाटते. तिथे आपल्याला खरं बोलणारा म्हणून ओळखणारं जगातलं एकमेव माणूस बसलं आहे, आणि खरं बोललो की ते माणूस मी गमावणार.

भोरची मैफल अजून व्हायची आहे. ती झाल्यावर पुन्हा भातलावणी येईल. त्या रांगेतल्या दोघी आता नाहीत, बाकीच्या आहेत.

चिमाबाईंना मी एक वाक्य देणं लागतो: तुमचा सूर बरोबर होता, खोटा मी होतो. ते त्यांच्या रांगेतल्या बायकांसमोर, खाचराच्या बांधावर उभं राहून, मोठ्याने म्हणायचं आहे. मी ते अजून म्हटलेलं नाही.